सरकारी वकिलाने दिलेला शब्द कोणावर बंधनकारक?

अमेरिकेत बहुसंख्य फौजदारी खटले साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आरोपी गुन्हा कबूल करतो आणि त्या मोबदल्यात सरकारी वकील सौम्य आरोप किंवा शिक्षेबाबत सवलत देऊ करतात. ही पद्धत ‘प्ली बार्गेनिंग’ या नावाने ओळखली जाते. मात्र, या तडजोडीत आरोपी आपला वाटा आधीच देऊन बसलेला असतो. सरकारी पक्षाने त्यानंतर शब्द फिरवला तर काय, हा प्रश्न ‘सँटोबेलो विरुद्ध न्यूयॉर्क’ या खटल्यात उपस्थित झाला.

न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली जुगारविषयक दोन गंभीर आरोप असलेल्या आरोपीने कमी गंभीर गुन्ह्याची कबुली दिली. शिक्षेबाबत कोणतीही शिफारस न करण्याचे आश्वासन त्याला सरकारी वकिलाने दिले होते. शिक्षा सुनावण्याच्या वेळी, जानेवारी १९७० मध्ये, दुसरेच सरकारी वकील हजर झाले आणि त्यांनी एक वर्षाच्या कमाल शिक्षेची मागणी केली. बचाव पक्षाने तत्काळ हरकत घेतली. या मागणीचा आपल्यावर परिणाम झालेला नाही, असे सांगून न्यायाधीशांनी कमाल शिक्षाच ठोठावली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९७१ रोजी ही शिक्षा रद्द ठरवली. कबुलीमागे सरकारी वकिलाच्या आश्वासनाचा महत्त्वाचा वाटा असेल, तर ते पाळलेच पाहिजे, असे सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी निकालात स्पष्ट केले. वचनभंग अनवधानाने झाला, ही सबब ग्राह्य धरण्यात आली नाही. आश्वासन व्यक्तीचे नसून कार्यालयाचे असते, हे या निकालाचे सार होय. दुसऱ्या न्यायाधीशांसमोर कराराप्रमाणे नव्याने शिक्षा ठरवावी की कबुली मागे घेऊ द्यावी, याचा निर्णय राज्याच्या न्यायालयावर सोपवण्यात आला.

तथापि, हरकत वेळीच घ्यावी लागते. कनिष्ठ न्यायालयात ती नोंदवली नसल्यास अपिलात दाद मिळणे कठीण असते, हे २००९ च्या ‘पकेट’ निकालाने अधोरेखित केले.

भारतात ही तरतूद ५ जुलै २००६ पासून अमलात आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे. काही अपवाद वगळता, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना ती लागू होते. येथील तडजोडीत सरकारी वकिलाबरोबरच तपास अधिकारी आणि पीडित व्यक्तीही सहभागी असतात. आरोपीने अर्जात दिलेली माहिती अन्य कारणासाठी वापरण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे तडजोड फिसकटली तरी त्याची कबुली त्याच्याच विरोधात वापरली जाऊ शकत नाही.