गिलसाहेबाचा कॅमेरा आणि आपल्या गावचे देऊळ

बुलढाण्याहून धाडच्या बाजूने निघाले की अजिंठा गाव काही फार लांब नाही. घाटमाथ्यावरच्या आपल्या माणसाला मेजर रॉबर्ट गिल हे नाव ऐकून ठाऊक असते. त्याची आणि पारूची गोष्ट पुष्कळांनी ऐकली आहे, ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ काहींनी वाचले आहे, २०१२ चा चित्रपटही पाहिला आहे. पण आज बोलायचे आहे ते गिलच्या प्रेमाविषयी नव्हे, त्याच्या कॅमेऱ्याविषयी. कारण त्या कॅमेऱ्याचा संबंध थेट आपल्या लोणारशी आणि आपल्या गावच्या पडक्या देवळाशी आहे.

वीस वर्षांची मेहनत, एका रात्रीत राख

गिल हा मद्रासच्या पलटणीतला अधिकारी आणि चित्रकार. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करायला नेमले. लेण्यांतली मूळ चित्रे कशावर काढली आहेत? मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू, वरून चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग. आपली आजी भिंत सारवायची तीच विद्या, फक्त फार वरच्या पायरीवर नेलेली. गिलने ती चित्रे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात उतरवली. ती लंडनला गेली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला लावली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. चार-पाच चित्रे सोडली तर बाकी सगळी जळून गेली.

पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेल्या. नकलेची एकच प्रत असली की असे होते.

पन्नाशीनंतर नवे साधन

पण त्या आगीच्या आधीच गिलने एक शहाणपणाचे काम केले होते. १८५६ च्या सुमारास, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, त्याने कॅमेरा हाती घेतला. जन्मभर कुंचला धरलेल्या माणसाने या वयात नवे साधन शिकणे ही सोपी गोष्ट नव्हे. आणि तेव्हाचा कॅमेरा म्हणजे आजच्या मोबाईलसारखे बटण दाबले अन् झाले, असे नव्हते. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. उन्हाळ्यात आपल्याकडे काच किती लवकर सुकत असेल, विचार करा! मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात छाप काढायचा.

शिवाय त्या काचेला निळा उजेड लगेच लागे, तांबडा आणि पिवळा फारसा लागत नसे. म्हणजे गेरूचा तांबडा रंग फोटोत काळा यायचा. लेण्यात तर उजेडच कमी. अजिंठ्याचे रंग टिपायला हे साधन कुचकामी, हे गिललाही उमगले असणार. पण दगडावर उन्ह पडले की तेच साधन वाघासारखे चाले. कोरीव खांब, चौकटी, शिल्पे यांची एकेक रेघ त्यात उतरायची. म्हणून गिलने कुंचला टाकला नाही आणि कॅमेराही सोडला नाही. रंगाला कुंचला, दगडाला कॅमेरा, अशी कामाची वाटणी झाली.

याच कॅमेऱ्याने गिलने १८६० च्या दशकात आपल्या लोणारच्या देवळांचे फोटो घेतले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि आपला वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. १८६४ साली त्याच्या फोटोंची दोन पुस्तके लंडनला निघाली. त्यांत छापाचे खरे फोटो चिकटवलेले होते. एका काचेवरून अनेक छाप निघाले, अनेक ठिकाणी गेले, म्हणून ते वाचले. तैलचित्रे गेली, फोटो राहिले. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भागातली देवळे कशी दिसत होती हे आज कळते ते अशा फोटोंमुळे.

रंग देवळाला नको

आता आपल्या गावाकडे वळू. जिल्ह्यात घाटावर काय अन् घाटाखाली काय, कितीतरी गावांत एखादे हेमाडपंती देऊळ, बारव, वीरगळ किंवा शेंदूर फासलेली जुनी मूर्ती आहे. गावकऱ्यांचे त्यावर प्रेम आहे, यात शंका नाही. पण प्रेम दाखवायची रीत चुकते. यात्रा आली की वर्गणी होते आणि देवळाला ऑईल पेंट मारला जातो. “आमच्या देवळाले रंग मारला, कसं चमकते पाहा!” असे कौतुकाने सांगितले जाते.

मंग त्यात वाईट काय? ओलसर सोयाबीन प्लास्टिकच्या पोत्यात बांधून ठेवले तर आतल्या आत घामते आणि बुरशी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. दगडाचेही तसेच आहे. पाया अन् छत यांतून मुरलेली ओल दगडातून बाहेर पडत असते. वरून ऑईल पेंट बसला की ती कोंडते. काही वर्षांनी रंगाचा पापुद्रा सुटतो आणि सोबत दगडाचा वरचा थर, म्हणजे नेमके कोरीव काम घेऊन जातो. चुन्याचे हातावर हात दिले तर नाक-डोळे बुजतात.

आणि ही चूक अडाण्यांचीच असते असेही नाही. अजिंठ्यातच १९२० ते १९२२ मध्ये इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे वॉर्निश लावले. पुढे ते पिवळे-काळे पडले आणि पुरातत्त्व खात्याला ते उतरवण्याचे नाजूक काम करत बसावे लागले.

यातला धडा एवढाच, की नवे साधन जुन्या वस्तूच्या अंगावर चढवायचे नसते. ते तिच्या शेजारी ठेवून वापरायचे असते. गिलने कॅमेरा लेण्यासमोर उभा केला, भिंतीला ओरखडाही न काढता.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

आज गावातल्या पोरापोराच्या हातात मोबाईल आहे. गिलच्या तंबूभर सामानापेक्षा तो कितीतरी सरस. मग पुढील कामे करायला काय हरकत आहे?

सकाळी किंवा संध्याकाळी उन्ह तिरपे असताना देवळाचे चारही बाजूंनी फोटो घ्या. तिरप्या उन्हात झिजलेले कोरीव कामही उठून दिसते, भर दुपारी सपाट वाटते. शिलालेख असेल तर त्यात खडू, पीठ किंवा तेल भरू नका. बाजूने उजेड पाडून फोटो घ्या. मापासाठी शाळेची फूटपट्टी शेजारी ठेवा. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि गट नंबर लिहा. निवडक फोटोंचे छाप काढून एक संच ग्रामपंचायतीत, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि एक गावाबाहेर कुणाकडे तरी ठेवा. मोबाईल बिघडतो, कपाटाला वाळवी लागते, पण तिन्ही ठिकाणी एकदम संकट येत नाही.

देऊळ संरक्षित असेल तर रंग, सिमेंट, फरशी यांतले काहीही पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय करता येत नाही. संरक्षित नसेल तरी तो नियम आपणच पाळलेला बरा. मूर्ती चोरीला गेली तर पोलिसांसमोर ती आपलीच, हे दाखवायलाही हाच फोटो कामी येतो.

गिल १८७९ साली वारला, भुसावळला त्याला पुरले. साता समुद्रापलीकडच्या माणसाने म्हातारपणाच्या उंबरठ्यावर नवे साधन शिकून आपल्या देवळांची नोंद केली. आपण तर इथलेच. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि रंगाच्या डब्याची वर्गणी या वर्षी फोटोंच्या छापाकडे वळवा.