काट्याचा हुकूम

मीटरचा काटा मध्यावर आला की एक्स्पोजर अचूक झाले, हा समज हाताने फिरवायच्या लेन्सा आणि फिल्मचा कॅमेरा नव्याने बाळगणाऱ्यांत इतका दृढमूल झाला आहे की, भरतीच्या वेळी ठाणे खाडीतून उठून नेरूळच्या डीपीएस तलावावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची मळकट, करडी चित्रे दाखवून ‘फिल्मच खराब निघाली’ अशी तक्रार करणारे गृहस्थ दर हंगामात भेटतात. फिल्म बिचारी निर्दोष असते. काट्याचा हुकूम तेवढा निमूट बजावलेला असतो.

कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजीत नाही, वस्तूवरून परावर्तित होणारा मोजतो. आणि ती वस्तू मुळात पांढरी की काळी हे जाणण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसल्यामुळे, प्रत्येक अर्जावर एकच शेरा मारणाऱ्या कारकुनाप्रमाणे, समोर येईल त्यास तो मध्यम करडे ठरवून मोकळा होतो. दाखला घ्यावा तो निरभ्र दुपारचा. शंभर आयएसओच्या फिल्मला अशा उन्हात एफ-८ आणि १/५०० सेकंद हे प्रमाण यथायोग्य. पण चौकट मोठ्या रोहितांच्या जवळजवळ शुभ्र पाठींनी भरली, की काटा एफ-१६ मागतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. तेच कॅमेरा कांदळवनाच्या गर्द हिरव्याकडे वळवावा, तर तो एफ-४ कडे झुकतो आणि त्यापुढे उभे पक्षी करपून जातात. ऊन मात्र तसूभरही बदललेले नसते! उपाय फुकटचा आहे: पक्ष्यांवर पडते तेच ऊन आपल्या तळहातावर घ्यावे, चौकटभर तळहात मोजावा आणि येईल त्या आकड्याहून छिद्र एक स्टॉप उघडावे.

‘जुन्या लेन्सला मीटर चालतच नाही’ हेही तितकेच निराधार. १९६४ च्या पेन्टॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये कळ सरकवून छिद्र प्रत्यक्ष मिटवावयाचे आणि लेन्समधून आलेला प्रकाश मोजावयाचा, अशीच व्यवस्था होती. फक्त त्या क्षणी दर्शकाला डोळा घट्ट लावावा, अन्यथा मागून शिरणारा उजेड काट्यास फसवितो. ‘अंडर ठेवा, मागाहून उजळू’ हा डिजिटलचा उपदेश निगेटिव्हला लागू करणाऱ्यांपुढे तर हात टेकावेत: सावलीत जे फिल्मवर उमटलेच नाही, ते कोणते रसायन आणून देणार? आणि १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बांधलेल्या जुन्या मीटरात आजचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल ‘चालून जातो’ म्हणतात, तो काटा हलविण्यापुरताच. पुष्कळ मीटरांत त्यामुळे ऊन आहे त्याहून प्रखर दिसते आणि चित्र काळवंडते. १.४ व्होल्टच्या आसपासचा झिंक-एअर सेल मिळतो, तो घालावा.