ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमधील ऑइलगळती
कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या परभणी जिल्ह्यातील मानवत परिसरात ट्रॅक्टर आता शेतीचा व मालवाहतुकीचाही आधार झाला आहे. पॉवर स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरची चाके पंपाने दिलेल्या ऑइलच्या दाबावर वळतात. ऑइल गळल्यास पंपात हवा शिरते, तो घरघरतो आणि स्टिअरिंग जड होते. भरल्या ट्रॉलीसह असे होणे धोक्याचे होय.

केवळ ऑइल भरत राहणे हा यावर उपाय नव्हे. ऑइल खाली ओघळते. त्यामुळे जमिनीवरील डाग गळतीचे नेमके स्थान दाखवीत नाही. प्रथम पंप, नळ्या, सांधे व सिलिंडर पुसून कोरडे करावेत. नंतर इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंस फिरवावे. इंजिन बंद केल्यावर वरून खाली पाहत यावे. सर्वांत वरचा ओला भाग हाच बहुधा गळतीचा उगम असतो. ढिला सांधा आवळावा. चिरलेली नळी वा झिजलेले सील बदलावे.

मात्र चालू इंजिनावर नळीवरून बोट फिरवू नये. सूक्ष्म छिद्रातून दाबाने उडालेले ऑइल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, वेदना नसली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. विलंब झाल्यास बोट गमवावे लागू शकते. गळती तपासण्यास दुरून पुठ्ठा धरावा. ग्रामसभेत व शाळेत एवढी एक गोष्ट सांगितली, तरी एखाद्याचा हात वाचेल.