घरांतील कुत्री माजावर येते तेव्हां

भाद्रपद लागला म्हणजे आमच्या करवीर नगरीच्या पेठांतून एकाच कुत्रीमागें पांच-सात कुत्रे धांवतांना दिसतात. भाद्रपदांतील कुत्र्याची उपमा आपल्या बोलींत रूढ झाली ती यामुळेंच. परंतु पाळलेल्या कुत्रीस पंचांगाचें बंधन नसतें. ती साधारणतः सहा-सात महिन्यांनीं, कोणत्याही ऋतूंत माजावर येते. घरांत ती एकटी असेल तर दाराची कडी लावून बरेंचसें भागतें. ज्या घरांत नर व मादी एकत्र नांदतात, तेथें मात्र चोर घरांतच असतो. आजचें विवेचन अशा घरांसाठीं आहे.

कुत्रीचा पहिला माज बहुधा सहा ते बारा महिन्यांच्या वयांत येतो. थोराड जातींत तो दीड-दोन वर्षांपर्यंत लांबतो. प्रथम योनीस सूज येऊन रक्तस्राव सुरू होतो. सुमारें ९ दिवस नर तिच्या मागें लागतात, पण ती त्यांना दांत दाखवून हांकलते. पुढील सुमारें ९ दिवसांत स्राव फिकट, वाळल्या गवताच्या रंगाचा होतो आणि ती शेपूट बाजूस करून स्वस्थ उभी राहते. हाच गर्भधारणेचा काळ होय.

नेमकी येथेंच घरची मंडळी फसतात. रक्त ओसरलें, आतां संपलें, असें समजून कडी काढली जाते. स्त्रीचा ऋतुस्राव हा निष्फळ गेलेल्या चक्राचा शेवट असतो. कुत्रीचा स्राव ही पुढें येणाऱ्या गर्भकाळाची नांदी असते. एकाचा नियम दुसऱ्यास लावला कीं घात झालाच. म्हणून पहिला थेंब दिसतांच कॅलेंडरावर खूण करावी, पूर्ण २१ दिवस मोजावे, आणि सूज उतरेपर्यंत चौथ्या आठवड्यांतही सावध राहावें.

नर व मादी यांच्यामध्यें एक नव्हे, दोन बंद दारें असावींत. एक चुकून उघडें राहिलें तरी दुसरें राखण करतें. केवळ जाळीवर विसंबूं नये. साधल्यास नरास महिनाभर आप्तांकडे पाठवावें. नर अन्न सोडतो, रात्रभर विव्हळतो; तो रोग नव्हे, म्हणून त्यास मारूं नये. नर एकमेकांशीं भांडतात, तेव्हां त्यांचीं ताटलींही वेगळीं ठेवावींत. मादीस परसांत मोकळी न सोडतां सांखळीनेंच फिरवावें. भाऊ-बहीण, माय-लेक हें नातें त्यांना ठाऊक नाहीं. नुकताच खच्ची केलेला नरही कांहीं आठवडे फलदायी राहूं शकतो.

इतकें करूनही जोडी जुळलीच, तर ती ओढून सोडवूं नये. दोघांसही इजा होते. पांच मिनिटांपासून अर्ध्या तासांत तीं आपोआप सुटतात. नंतर विनाविलंब पशुवैद्याचा सल्ला घ्यावा, घरगुती औषध देऊं नये. गर्भ राहिल्यास सुमारें ६३ दिवसांनीं पिल्लें होतात.

माज संपला तरी दोन महिने लक्ष असावें. कुत्री फार पाणी पिऊं लागली, वांत्या झाल्या, मलूल झाली किंवा दुर्गंधी स्राव दिसला, तर गर्भाशयांत पू झाल्याची शंका घ्यावी. हा प्राणघातक विकार आहे. त्याच दिवशीं वैद्य गांठावा. भटक्या कुत्र्याशीं संग झाल्यास संसर्गजन्य अर्बुदाचेंही भय असतें.

पिल्लें नको असतील तर गर्भाशय व बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया हाच खरा उपाय. माजांत रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून ती माजानंतर दोन-तीन महिन्यांनीं करणें इष्ट. २०२३ सालच्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनीं पाळीव कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. नको असलेलीं पिल्लें पोत्यांत घालून बाजाराच्या कोपऱ्यावर सोडलीं जातात, त्यांचें पाप कुत्रीचें नव्हे; तें कडी काढणाऱ्या हाताचें आहे.