गावाने ओळखलेले मूल

लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणा नदीवरच्या निम्न तेरणा धरणाचे गाव. धरणाने शेतीला पाणी दिले, पण जलाशय, कालवे आणि विहिरी यांमुळे लहान मुलांसाठी पाणी नेहमीच जवळ असते. अशा गावात मूल नजरेआड झाले की आईच्या काळजात धस्स होते. ते मूल स्वमग्न असेल, तर ही काळजी अधिक खरी ठरते. अनेक स्वमग्न मुले कोणाला न सांगता घराबाहेर पडतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पाण्याची ओढ असते. पाण्याची चमक आणि त्याची एकसारखी हालचाल त्यांना खेचून घेते. धोका मात्र जाणवत नाही आणि नावाने हाक मारली तरी ती वळून पाहतीलच असे नाही.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचे निरीक्षण मांडून तिचे सविस्तर वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 127 जणांमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात फरक आहे. आईच्या दुर्लक्षाने तो होत नाही, लसीमुळे होत नाही आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. त्यामुळे गंडेदोऱ्याने किंवा अंगाऱ्याने तो जात नाही. त्यात मोलाचा वेळ मात्र जातो.

ही मुले घराबाहेर का पडतात, हेही पाहायला हवे. कधी आवडीच्या जागी जायचे असते, तर कधी आवाज असह्य होतो. वरातीतला डीजे, फटाके, लाउडस्पीकर हे आपल्याला नुसते मोठे वाटतात, पण अशा काही मुलांना ते अक्षरशः दुखतात. मग मूल कान झाकते, किंचाळते, जमिनीवर लोळते किंवा वाट फुटेल तिकडे पळत सुटते. बघणारे म्हणतात, ‘लाडावलंय, दोन फटके द्या.’ लोकांच्या या बोलण्याला कंटाळून घरचे मुलाला बाहेर नेणेच बंद करतात. तिथेच खरा धोका सुरू होतो, कारण ज्या मुलाला गावाने कधी पाहिले नाही, ते एकटे रस्त्यावर दिसले तरी कोणी थांबवत नाही.

म्हणून मुलाला लपवू नये, ओळख करून द्यावी. शेजारी, किराणा दुकानदार, शाळेतले गुरुजी, रिक्षावाले, धरणावर मासेमारी करणारे अशा सर्वांना मूल ठाऊक असावे. त्याच्या खिशात किंवा मनगटावर घरचा फोन नंबर असावा. मूल हरवले, तर आधी विहीर, कालवा आणि जलाशयाचा काठ पाहावा, मग बाकीचे गाव. त्याच वेळी 112 वर कळवावे. मूल दिसले की आरडाओरडा करून घेराव घालू नये. पाण्याशी असेल तर तत्काळ धरावे, एरवी शांतपणे जवळ जावे, ‘चल, घरी’ असे दोनच शब्द बोलावेत, हाताने दिशा दाखवावी आणि उत्तरासाठी थोडा वेळ द्यावा.

ही मुले मोठी होतात, स्वमग्नता मात्र राहते. रात्री एकटा फिरणारा, विचारले तर उत्तर न देणारा तरुण चोर किंवा दारुडाच असेल असे नाही. मारहाणीआधी त्याच्या घरच्यांना विचारावे.

ओळख जितकी लवकर, तितका उपयोग जास्त. वर्षाचे झाले तरी मूल नावाला प्रतिसाद देत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने वस्तू दाखवत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले बोलणे थांबते, तेव्हा ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणून वाट पाहू नये. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करते आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळते आणि शाळाही प्रवेश नाकारू शकत नाही.

स्वमग्नता घालवणारे औषध नाही. पण वरात अशा मुलाच्या घरापुढून जाताना डीजे काही मिनिटे बंद ठेवणे, दुकानात त्याला बोट दाखवून वस्तू मागू देणे, पाण्याकडे निघालेले पाऊल ओळखून त्याला घरी आणून सोडणे, यासाठी डॉक्टर लागत नाही. हे गावालाच करता येते.