नॉर्वेचे फ्योर्ड आणि डोंगरवाटा

युरोपच्या नकाशांत नॉर्वेचा पश्चिम किनारा पाहिला, तर तो उंदरांनीं कुरतडलेल्या कापडासारखा दिसतो. समुद्राच्या ज्या लांब व अरुंद शाखा तेथें डोंगरांत खोलवर शिरल्या आहेत, त्यांस फ्योर्ड म्हणतात. वाचकांनीं आपल्या कोंकणांतील खाडी मनापुढें आणावी. मात्र फ्योर्ड हे हिमयुगांतील हिमनद्यांनीं खडक कोरून केलेले असल्यामुळें त्यांचे तट भिंतींसारखे उभे आणि तळ फार खोल असतो. त्यांतील सर्वांत मोठा सोग्नेफ्योर्ड सुमारें २०५ किलोमीटर लांब असून त्याची खोली १,३०० मीटरांहून अधिक आहे.

हा प्रदेश पुष्कळ प्रवासी मोठाल्या जहाजांच्या कठड्याशीं उभे राहून पाहतात. त्यांत सुख आहे यांत शंका नाहीं. परंतु त्या कड्यांच्या कुशींत माणसें कशीं नांदतात हें कळण्यास रस्त्यानेंच गेलें पाहिजे. म्हणून आम्हीं उभयतांनीं व चिरंजीवांनीं बेर्गेन येथें मोटार भाड्यानें घेतली आणि कोणत्याही सहलमंडळावर न विसंबतां ओन्दाल्सनेसची वाट धरिली. तेथें वाहनें उजव्या बाजूनें चालतात, दिवसाही दिवे लावावे लागतात, आणि मद्य घेऊन चाक हातीं धरणाऱ्यास कायदा दयामाया दाखवीत नाहीं. गांवाबाहेर वेगाची सामान्य मर्यादा ताशीं ८० किलोमीटर आहे. पण वळणावळणाच्या वाटेवर तितकाही वेग साधत नाहीं. मुक्कामास लांकडी खोपटीं भाड्यानें मिळतात. त्यांत बहुधा शेगडी असते, त्यामुळें बरोबर नेलेल्या डाळतांदुळांवर आमचा उत्तम निर्वाह झाला.

आउर्लांड गांवीं प्रवाशापुढें दोन वाटा येतात. एक लेर्दालच्या बोगद्यांतून जाते. २००० सालीं खुला झालेला हा बोगदा साडेचोवीस किलोमीटर लांब असून मोटारींसाठीं जगांत याहून लांब बोगदा नाहीं. चालविणाऱ्यास ग्लानि येऊं नये म्हणून मध्यें तीन ठिकाणीं प्रशस्त गुहा कोरून त्यांत निळा प्रकाश सोडला आहे. दुसरी वाट डोंगरमाथ्यावरून १,३०० मीटरांवर चढते आणि हिवाळ्यांत बर्फाखालीं जाते. आम्ही जूनच्या आरंभीं वरच्या वाटेनें गेलों, तेव्हांही दोहों बाजूंस बर्फाचे तट उभे होते. तें दृश्य पाहिल्यावर खालीं एवढा खडक कां फोडला, हें निराळें सांगावें लागलें नाहीं. ऑस्लो व बेर्गेन यांमधील दळणवळण भर हिवाळ्यांतही तुटूं नये, हा त्यामागील हेतु होय.

मोटारीसह नौकेंतून सोग्नेफ्योर्ड ओलांडल्यावर सोग्नेफ्येल्लचा घाट लागतो. १,४३४ मीटर उंचीची ही खिंड उत्तर युरोपांतील डोंगर ओलांडणारी सर्वांत उंच मोटारवाट समजली जाते. पूर्वी येथून घोड्यांच्या पाठीवर मीठ व मासे पूर्वेकडे आणि लोणी, कातडीं व डांबर पश्चिमेकडे जात असे. मोटारींचा रस्ता १९३८ सालीं पुरा झाला, आणि तो बांधण्यास बेकार तरुणांचे हात लागले होते.

पुढें लोमवरून गायरांगेर येथें उतरलों. तेथील फ्योर्डास नेरॉयफ्योर्डासह २००५ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु या सौंदर्याच्या पोटांत एक भय दडलेलें आहे. १९३४ च्या ७ एप्रिलच्या रात्रीं जवळच्याच टाफ्योर्डांत एक प्रचंड कडा कोसळला. साठ मीटरांहून उंच लाट उसळली आणि ४० माणसें प्राणांस मुकलीं. आज गायरांगेरपासून कांहीं अंतरावर ओकेर्नेसेट नांवाच्या डोंगरास मोठी भेग पडली असून ती वर्षानुवर्षें रुंदावत आहे. शास्त्रज्ञ त्या भेगेवर अहोरात्र यंत्रांची नजर ठेवितात. हालचाल वाढूं लागल्यास काठच्या लोकांस आधींच उंचावर नेण्याची योजना सिद्ध आहे. तथापि गांवांत शाळा भरते, बागांना पाणी घातलें जातें आणि पाहुण्यांस कॉफी मिळते. हे लोक संकट नाकारीत नाहींत व गांवही सोडीत नाहींत. ज्या उभ्या कड्यांसाठीं आपण तेथवर जातों, त्यांच्याच पायथ्याशीं त्यांचा संसार आहे, ही जाणीव आम्हांस त्या प्रवासांत सर्वांत मोलाची वाटली.

गायरांगेरहून अकरा वळणांची ‘गरुडवाट’ चढून जाते. ती १९५५ सालीं झाली आणि गांवास बारमाही रस्ता मिळाला. त्यापुढें १९३६ सालचा ट्रोलस्टिगेनचा सुप्रसिद्ध घाट आहे. त्यासही अकराच वळणें. हा घाट हिवाळ्यांत बंद असतो, आणि २०२४ सालीं तर दगड कोसळूं लागल्यामुळें ऐन उन्हाळ्यांतही तो बंद ठेवावा लागला.

म्हणून तिकडे जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांस आमचें इतकेंच सांगणें आहे, कीं दोन दिवस हातचे राखून निघावें. वाट बंद असल्याचा फलक दिसला, तर मनांत खट्टू न होतां दुसऱ्या खोऱ्यानें जावें. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंगराचा कल पाहूनच आपले बेत ठरवीत आले आहेत.