डबा गोल, पण चित्रात किती गोल?

एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरावाचे कागद चाळले, तर एक चूक हमखास सापडते. समोर टेबलावर पत्र्याचा उभा, गोल डबा ठेवलेला असतो. विद्यार्थी त्याचे तोंड लंबगोल काढतो, पण दोन्ही टोके करंजीसारखी टोकदार करतो. आणि तळ? तो चक्क पट्टीने आखल्यासारखा सरळ! विचारले तर उत्तर मिळते, "सर, डबा सपाट टेबलावर ठेवला आहे, मग तळ सपाटच असणार ना?"

उत्तर खोटे नाही. टेबल सपाट आहे, डब्याचा तळही सपाट आहे. पण प्रश्न तळ कसा आहे हा नसून तो बसल्या जागेवरून कसा दिसतो हा आहे, आणि हा प्रश्न चित्रकलेइतकाच भौतिकशास्त्राचाही आहे. थोडे गणित करून पाहू. समजा, तुमचा डोळा डब्याच्या तोंडापेक्षा ३० सेंटिमीटर उंच आणि डब्यापासून आडव्या अंतराने ६० सेंटिमीटर दूर आहे. तुमची नजर सुमारे साडेसव्वीस अंश खाली झुकते. या कोनाची साइन किंमत ०.४५. म्हणजे तोंडाचे वर्तुळ जेवढे रुंद दिसेल, त्याच्या जेमतेम ४५ टक्के त्याची उभी जाडी दिसेल. डबा १२ सेंटिमीटर उंच असेल, तर तळ डोळ्यापासून ४२ सेंटिमीटर खाली आहे. तिथला कोन ३५ अंशांचा, साइन ०.५७. म्हणजे तळाची कड सरळ तर नाहीच, उलट तोंडापेक्षा अधिक बाकदार यायला हवी!

मग डोळ्यांना हे दिसत कसे नाही? दिसते, पण मेंदू ते आपल्यापर्यंत जसेच्या तसे पोचू देत नाही. वस्तू वळवली, दूर नेली, तरी ती तीच आहे हे ओळखणे हे त्याचे काम. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. तिरपी ठेवलेली गोल चकती कशी दिसते असे लोकांना विचारले असता, त्यांनी दाखवलेला आकार दृष्टिपटलावर पडणाऱ्या लंबवर्तुळापेक्षा अधिक गोल निघाला. चकती गोल आहे हे ज्ञान पाहण्यात मिसळले होते.

तुम्हीही एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा, एक डोळा मिटा आणि ओल्या साबणाच्या वडीने चेहऱ्याची बाह्यरेषा आरशावर गिरवा. मग बाजूला होऊन ती मोजा. ती तुमच्या खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल. मागे सरकून पुन्हा गिरवलीत, तरी निम्मीच! (आरसा चेहरा व प्रतिमा यांच्या मधोमध असतो, समरूप त्रिकोण काढून पडताळा घ्या. आणि आरसा पुसून ठेवा, नाहीतर घरी बोलणी बसतील.) रोज आरशात पाहूनही ही गोष्ट लक्षात आली नव्हती, हे विशेष.

चित्रकलेचे शिक्षक हात लांब करून पेन्सिलीने मोजायला लावतात, ते याचसाठी. पेन्सिल मेंदूचे ऐकत नाही. मात्र कोपर ताठ हवे. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर धरलेल्या पेन्सिलीवर जे माप ६ सेंटिमीटर येते, तेच कोपर वाकून पेन्सिल ५० सेंटिमीटरवर आली की ५ सेंटिमीटर भरते. उंची ताठ हाताने आणि रुंदी वाकड्या हाताने मोजली, तर तांब्याची घागर व्हायला वेळ लागत नाही.

नगर परिसरातील वाचकांना यासाठी एक उत्तम वस्तू उपलब्ध आहे. शहराच्या पूर्वेस डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. इमारत तीन मजली आणि अष्टकोनी आहे. एका बाजूच्या बरोबर समोर, पण बरेच दूर उभे राहा. तीन बाजू दिसतील. नवशिक्या तिन्ही सारख्या रुंद काढतो. पेन्सिलीने मोजल्यास कडेच्या बाजू मधल्या बाजूच्या सुमारे ७१ टक्के भरतील, कारण त्या ४५ अंशांनी वळलेल्या आहेत. आता इमारतीभोवती साडेबावीस अंश फिरून एका कोपऱ्यासमोर या. चार बाजू दिसू लागतील: मधल्या दोन खऱ्या रुंदीच्या ९२ टक्के, कडेच्या दोन फक्त ३८ टक्के. जवळ गेलात तर कडेच्या बाजू आणखी अरुंद होतील. आधी अंदाजाने चित्र काढा, मग मोजा. क्रम उलटा करू नका, नाहीतर आपला डोळा किती फसतो हे कळणारच नाही.

मोजून झाल्यावरही शिक्षक लागतोच. महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. सरावही पायरीपायरीने चालतो: मुक्तहस्त रेषा, वर्तुळ, पेटी, डबा, चेंडू, आणि मग या सर्वांची बेरीज असलेला तांब्या. पण तोच चुकीचा तांब्या पन्नास वेळा काढला, तर चूकच पक्की होते. विजेच्या इस्त्रीत द्विधातूची पट्टी असते. इस्त्री हवी त्याहून तापली की पट्टी वाकते आणि प्रवाह तोडते. निवली की पुन्हा जोडते. या रचनेला प्रत्याभरण म्हणतात. हवे ते आणि आहे ते यांतील फरक वेळीच कळणे, हे त्यातले मर्म. पट्टी जर आठवड्याने वाकू लागली, तर सदरा जळालाच म्हणून समजा!

वह्या गोळा करून आठ दिवसांनी "ठीक" असा शेरा देणे म्हणजे अशीच उशिरा वाकणारी पट्टी. शिक्षकाने स्वतः पेन्सिल घेऊन विद्यार्थ्याची रेघ दुरुस्त करणे हे तर माझ्या मते त्याहून वाईट. चित्र सुधारते, विद्यार्थ्याचा डोळा तसाच राहतो. चांगला शिक्षक पाठीमागे येऊन विचारतो, "डब्याची उंची तोंडाच्या रुंदीच्या किती पट? मोज." किंवा समासात छोटीशी आकृती काढून दाखवतो आणि पुढे जातो. चूक कुठे आहे हे तो दाखवतो. ती किती आहे हे विद्यार्थ्याने शोधायचे असते.

विज्ञानाला जायचे म्हणून आठवी-नववीत चित्रकला सोडणारे विद्यार्थी पुष्कळ. पुढे महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते जी आकृती काढतात, ती बहुधा पुस्तकातली असते, काचपट्टीवरची नव्हे. त्यांच्यासाठी एक जुनी हकीगत सांगतो. २६ जुलै १६०९ रोजी टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले; असे जे सर्वांत जुने चित्र आज उपलब्ध आहे ते हेच. प्रकाश व अंधार यांच्या सीमेवरची एक वेडीवाकडी रेघ आणि काही डाग, एवढेच त्यात आहे. त्याच वर्षाअखेर गॅलिलिओने चंद्र पाहिला. त्याची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती हे खरे. पण फ्लॉरेन्समध्ये त्याने चित्रकला आणि यथार्थदर्शनही अभ्यासले होते. पुढे १६१३ मध्ये तो तेथील कला अकादमीचा सभासदही झाला. उजेड कोणत्या बाजूने येतो आणि सावली कुठे पडते, हे पाहण्याची त्याला सवय होती. सीमारेषेजवळच्या डागांत त्याला डोंगर आणि खळगे दिसले, आणि अंधाऱ्या भागातील चकाकणाऱ्या ठिपक्यांवरून त्याने डोंगरांची उंचीही काढली.

गॅलिलिओचे पुस्तक मार्च १६१० मध्ये चित्रांसह प्रसिद्ध झाले. त्यानंतर जुलैमध्ये हॅरियटने पुन्हा चंद्राचे चित्र काढले. या वेळी त्यात विवरे आहेत.